उंची दाखवणारा बांबू

मी एक बांबू. माझ्यात सांगण्यासारखं काय असणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं. खुर्ची बसायला देते, छत्री भिजू देत नाही. मी मात्र एका गच्चीच्या कडेला नुसता उभा होतो. पण माझ्या त्या उभं राहण्यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालं. म्हणून आज मी बोलतोय.

माझा जन्म नदीकाठच्या बेटातला. बांबूंचं बेट म्हणजे आमचं खटलंच. सगळे एकमेकांना खेटून. आमच्यात कधी भांडण नव्हतं असं सांगितलं असतं, पण खोटं कशाला बोलू? होतं. उन्हावरून होतं. जो तो वर जायच्या घाईत. जो मागे राहिला तो पिवळा पडला, आणि त्याच्याकडे वळून बघायला कुणाला सवड नव्हती. मी पुढे निघालो. सरळ वाढलो. त्याचा मला फार अभिमान होता.

मग कोयता आला. मी तुटलो, मोळीत बांधला गेलो आणि शहरातल्या वखारीत येऊन पडलो. तिथून एका गवंड्याने मला नेलं. त्याने मला परांचीला बांधलं. परांची म्हणजे गवंड्यांनी उभं राहून भिंत रचायची, त्यासाठीचा बांबूंचा सांगाडा. माझ्या अंगावर माणसं चढली, घमेली टेकली, सिमेंटचे शिंतोडे उडाले. किती घरं मी उभी राहताना पाहिली! पण आत जायचं माझ्या नशिबात नव्हतं. घर पुरं झालं की पहिलं काम काय, तर आम्हाला सोडून बाहेर फेकणं. रंग लावायच्या आधीच आमची रवानगी.

एक दिवस गवंडी मला खांद्यावर टाकून या घरी घेऊन आला. त्याला परांची बांधायची नव्हती. त्याला मला फक्त उभा करायचा होता.

इथे तसा नियम आहे. घरावर काही वाढवायचं असेल तर आधी त्या जागी तेवढ्याच उंचीचे बांबू उभे करायचे आणि शेंड्यांना दोरी ताणायची. उद्या भिंत कुठवर येणार ते आजच सगळ्यांना दिसावं म्हणून. बांबू महिनाभर ठेवायचे. शेजाऱ्यांनी बघायचं, अडचण वाटली तर नगरपालिकेत हरकत द्यायची. मग इमारत खात्याचं माणूस येऊन पाहणी करतं आणि काय ते ठरवतं. नियम वाईट नाही. कागदावरचा नकाशा किती जणांना कळतो? बांबू सगळ्यांना कळतो.

हे घर आबांचं. आबांचं जुन्या फर्निचरचं दुकान. घरात ते, त्यांचा मुलगा, सून आणि सुनेची तान्ही मुलगी. मुलीला सगळे ठमी म्हणतात. मुलगा बसवर कंडक्टर. दिवसभर लोकांना ‘पुढे सरका, पुढे सरका’ म्हणून ओरडतो आणि घरी वडिलांपुढे तोंडातून शब्द काढत नाही.

घराला खाली दोनच खोल्या. पुढच्या खोलीत विकायला आणलेली कपाटं आणि पलंग, त्यांच्या मधून वाट काढत आबांची खाट. मागच्या खोलीत स्वयंपाक, आणि तिथेच सून, मुलगा आणि ठमीचा पाळणा. मागच्या खोलीच्या भिंतीला ओल. हात लावला की गार लागायची, चुना पापुद्र्यांनी सुटायचा. त्या ओलीत ठमीची छाती भरायची. रात्री तिची घरघर सुरू झाली की सून उठून बसायची, तिला उभी धरून पाठ चोळायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ‘औषध मी देईन हो, पण या पोरीला ओलीतून बाहेर काढा. सकाळचं ऊन लागू दे. थंडी सुरू व्हायच्या आत बघा काहीतरी.’

म्हणून वर एक खोली बांधायची ठरली. फक्त एक.

गवंडी मला उभा करताना आबांना म्हणाला, “आबा, खोली एकच ना? मग एवढा उंच कशाला? निम्म्यात काम होईल.”

“तू बांध रे. एक खोली मागितली तर अर्धी देतील. दोन मजले मागू, मग ते एक देतील.”

“नगरपालिका काय गिऱ्हाईक आहे?”

“सगळं जग गिऱ्हाईक आहे,” आबा म्हणाले.

आबांची चूक ती हीच. पण त्यांना ती चूक वाटणार कशी? आयुष्यभर त्यांनी कुठल्याही खुर्चीची पहिली किंमत खरी सांगितली नव्हती. गिऱ्हाइकानेही पहिल्यांदा खरी मागितली नव्हती. दोघं दोन टोकांना उभे राहायचे आणि सरकत सरकत मधे यायचे. मधे आले की चहा व्हायचा. त्यांना वाटलं, नियमही असाच चालतो.

सून खाली ठमीला कडेवर घेऊन उभी होती. तिने विचारलं, “पण आबा, त्यांनी सरळ नाहीच म्हटलं तर?”

“तुला कशाची काळजी वाटत नाही ते एकदा सांग बघू!” आबा हसले. “पोरीला टोपी घाल, वारा आहे.”

टोपी होतीच. सुनेने ती आणखी कानांवर ओढली.

आणि मी? मी खूश होतो. घरातला सगळ्यात उंच मीच. दुसऱ्या कोपऱ्यावर माझ्यासारखाच एक जोडीदार होता, आमच्या दोघांच्या मधे पांढरी दोरी. येणारे-जाणारे माना वर करून बघायचे. बेटात असताना वर जायची जी हौस होती ती इथे भागली, असं मला वाटलं.

मग सकाळ झाली, आणि माझी सावली पडली.

आमच्या घराच्या पश्चिमेला रोपवाल्या मावशींचं अंगण. मावशी एकट्या. टोमॅटो, मिरची, वांगी, कोबी यांची रोपं करून विकतात. अंगणभर वाफे आणि ट्रे. त्यावरच त्यांचं सगळं चालतं. रोपांना सकाळचं ऊन लागतं, कारण दुपारी पलीकडच्या गोदामाची सावली येते. सकाळी ऊन मिळालं नाही तर रोपं त्यासाठी ताणतात, उंच होतात, देठ दोऱ्यासारखा होतो, आणि शेतात लावली की मान टाकतात. तसली रोपं कोण घेणार?

त्या सकाळी दोरीची सावली मावशींच्या अंगणात शेवटच्या वाफ्याच्याही पलीकडे पडली. मावशी हातात झारी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी आधी सावलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. झारीतलं पाणी सगळं एकाच ट्रेमध्ये ओतलं गेलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

तोवर या दोन घरांत चांगलं होतं. मधल्या भिंतीवरून वाट्या जायच्या, यायच्या. ठमी झाली तेव्हा मावशींनीच सुनेला न्हायला पाणी तापवून दिलं होतं. त्या दिवसापासून सगळं बंद झालं. सुनेने भिंतीवर ठेवलेली वाटी संध्याकाळपर्यंत तशीच राहिली.

मावशींनी नगरपालिकेत हरकत दिली. आता मावशीही बाजारात बसणाऱ्या. त्यांनी काही सोडलं नाही. ऊन जाईल. वारा अडेल. धूळ होईल. ठोकाठोकीने डोकं उठेल. वरच्या खिडकीतून माझं अंगण दिसेल. आणि कबुतरं येतील.

“कबुतरं?” आबा नोटीस वाचून ओरडले. “कबुतरं मी आणतोय का?”

“उंच घरावर बसतात म्हणे,” मुलगा म्हणाला. तो त्या आठवड्यात एवढं एकच वाक्य बोलला.

“घर माझं, गच्ची माझी. मी माझ्या डोक्यावर बांधतोय, तिच्या नाही!”

भिंतीपलीकडून आवाज आला, “सावली माझ्या डोक्यावर पडते की!”

यात कुणाचं चुकलं ते मला सांगता येणार नाही. जागा आबांची, हे खरं. अंगणातलं ऊन मावशींचं, हेही खरं. मी दोघांच्या मधे उभा. वाऱ्याने हललो तरी दोघंही माझ्याकडे रागाने बघायचे.

मावशींनी पाहणीची तयारी सुरू केली. रोज सकाळी दोरीची सावली जिथे पडायची तिथे त्या रिकाम्या कुंड्या पालथ्या घालायच्या, म्हणजे पाहणीला येणाऱ्याला दाखवता येईल. सून गच्चीवर ठमीला उन्हात घेऊन बसायला यायची. वरून तिला ती कुंड्यांची रांग दिसायची. कपडे वाळत घालता घालता ती रांगेकडे बघायची, आत जायची, परत यायची.

पाहणीच्या आदल्या दिवशी सकाळी तिला राहवलं नाही. ती माझ्याजवळ येऊन कठड्यावरून वाकली.

“मावशी.”

“काय आहे?”

“अहो, आम्हाला दोन मजले बांधायचेच नाहीयेत.”

मावशींनी कमरेवर हात ठेवले. “मग हा बांबू काय शोभेला लावलाय?”

“आबा म्हणाले जास्त दाखवू. म्हणजे हवं तेवढं मिळेल. आम्हाला एकच खोली हवीय. ठमीसाठी. खाली ओल आहे, तुम्हाला माहितीये.”

“माहितीये. तिचं खोकणं मला इथवर ऐकू येतं.” मावशींनी तिच्या कडेवरच्या ठमीकडे बघितलं. मग म्हणाल्या, “आता कमी आहे का गं खोकला?”

“कुठे कमी? काल पुन्हा छाती भरली.”

“ओवाळून टाकलं त्या ओलीला!” मावशींनी एक कुंडी उचलून बाजूला आदळली. “आणि ऐक, मलाही ते धूळ-बिळ काही नाही. कबुतरं तर नाहीतच. मला सकाळचं ऊन पाहिजे. बाकीचं मी असंच लिहिलं. म्हटलं, सगळं मागावं, एक तरी ऐकतील.”

सून हसली. हसताना तिला रडूही आलं.

“खोली रस्त्याच्या अंगाला, पूर्वेकडे घेतली तर?” मावशींनी विचारलं. “इकडे, माझ्या बाजूला, गच्ची उघडी ठेवायची. मग सावली तुमच्याच गच्चीवर पडेल.”

“आणि ऊनही आधी त्याच बाजूला येतं,” सून हळूच म्हणाली. ठमीला कडेवर घेऊन तिने पूर्वेच्या टोकापासून माझ्यापर्यंत पावलं टाकून बघितली. “खोली लहान होईल. पण पाळणा बसेल. आमचं अंथरूणही बसेल.”

आता आबांना कोण सांगणार? सुनेनेच सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

“आज माघार घेतली तर उद्या ते अजून दाबतील. गिऱ्हाईक दारातून निघून जायला लागलं की परत येतं. मला धंदा शिकवू नकोस.”

“आबा, हे गिऱ्हाईक नाही हो...”

“बघू उद्या.”

दुसऱ्या दिवशी इमारत खात्याच्या बाई आल्या. उन्हाने चेहरा रापलेला, खांद्याला पिशवी, हातात मोजायची टेप. आधी मावशींच्या अंगणात गेल्या, कुंड्यांची रांग बघितली, खाली बसून सावली कुठे आहे ते बघितलं. मग गच्चीवर आल्या आणि मला खालून वरपर्यंत मोजलं. एवढ्या बारकाईने मला कधी कुणी बघितलं नव्हतं. मी ताठ उभा राहिलो.

“या गल्लीत एवढी उंची चालत नाही,” बाई म्हणाल्या. “वर शेजारच्यांचं सगळं ऊन जातंय. मला हे नामंजूर करावं लागेल.”

आबांचा चेहरा खुलला. त्यांना वाटलं, आता घासाघीस सुरू. “बरं, मग दीड मजला करू. वर नुसते पत्रे.”

“आबा, हे दुकान नाही. तुम्ही जे उभं केलंय त्याला मी हो किंवा नाही म्हणते. नाही म्हटलं की पुढच्या वर्षापर्यंत पुन्हा अर्ज करता येत नाही.”

आबांचा खुललेला चेहरा तसाच राहिला, फक्त त्यातलं हसू निघून गेलं. पुढचं वर्ष म्हणजे मधे अख्खी थंडी. सुनेने ठमीला छातीशी धरलं. मला तेव्हा कळलं, मी जितका ताठ उभा राहीन तितकी ती खोली दूर जाणार होती.

“बाई,” सून म्हणाली. ती एक पाऊल पुढे आली. “आम्हाला एक खोली हवीय. रस्त्याच्या बाजूला.”

“मला तुमच्या मनातलं दिसत नाही हो. मला बांबू दिसतो.”

“बांबू कापला तर?”

बाईंनी टेप गुंडाळता गुंडाळता वर बघितलं. “मी इथून जाईपर्यंत अर्जदाराला कमी करता येतं. वाढवता येत नाही. पण अर्ज आबांचा आहे. त्यांनी म्हटलं पाहिजे.”

सगळे आबांकडे बघू लागले. मुलगाही. आबा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या हातात टोपी होती, ती ते बोटांनी फिरवत होते.

आणि जिन्यावरून मावशी धापा टाकत वर आल्या. कितीतरी दिवसांनी त्यांचं पाऊल या घरात पडलं.

“आबा,” त्या म्हणाल्या, “मी तुमच्याकडून पाट घेतला, स्टूल घेतलं, कपाट घेतलं. दर वेळी तुम्ही मला दमवलंत. मी पण तुम्हाला दमवलं. आज ते नको. शेवटचं काय ते बोला.”

आबांच्या दुकानात हे वाक्य दिवसातून कितीदा तरी ऐकू यायचं. पण ते यायचं शेवटी, सगळं ताणून झाल्यावर. आधीच कुणी शेवटचं विचारत नसे, आणि आबा तर सांगतच नसत. टोपी फिरायची थांबली.

“एक खोली,” आबा म्हणाले. “रस्त्याच्या अंगाला. छप्पर तुमच्याकडे उतरतं. इकडची गच्ची उघडी.” आणि मग, अगदी हळू, “पोरीला ऊन पाहिजे हो.”

“माझं शेवटचं ऐका,” मावशी म्हणाल्या. “वाफ्यांवर सकाळचं ऊन. बाई, बाकीच्या हरकती मी मागे घेते.”

“कबुतरंही?” मुलाने विचारलं.

“कबुतरंही. मेली ती.”

बाई हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, “तोंडी चालणार नाही. उभं करून दाखवा.”

आबांनी खालून करवत आणली. त्यांच्या दुकानातली, पलंगाचे पाय कापायची. मुलाने मला धरलं. आबा स्वतः कापायला बसले. मला दुखलं का, असं विचाराल तर दुखलं. वर्षानुवर्षं वर वर जाऊन कमावलेली उंची अशी गच्चीवर आडवी पडली. पण तेव्हा मला बेटातले ते पिवळे पडलेले भाऊ आठवले, ज्यांच्याकडे मी वळून बघितलं नव्हतं. आपल्याला कुणी कापायच्या आधी आपण थोडं कमी झालो असतो, तर काय बिघडलं असतं? हे मला आधी सुचलं नाही. झाडांना सुचत नाही. माणसांना सुचू शकतं, हे मी त्या दिवशी बघितलं.

उरलेला मी आणि तसाच कापलेला माझा जोडीदार पूर्वेच्या बाजूला उभे राहिलो. दोरी ताणली. सगळ्यांनी खाली अंगणात बघितलं. दोरीची सावली आमच्याच गच्चीवर पडली होती. मावशींच्या वाफ्यांवर ऊन होतं. बाईंनी जागच्या जागी शेरा लिहिला, खाली आबांची सही घेतली, मावशींची घेतली. जाताना म्हणाल्या, “सगळ्याच पाहण्या अशा एका फेरीत झाल्या असत्या तर माझे गुडघे वाचले असते.”

थंडी सुरू व्हायच्या आत खोली झाली. फार मोठी नाही. दार उघडलं की पाळण्याला लागतं, म्हणून आबांनी दाराला एक खिळा ठोकलाय. कडाक्याच्या थंडीत सूर्य खाली उतरला तेव्हा मावशींच्या पहिल्या वाफ्यावर थोडा वेळ सावली यायचीच. मावशी कुरकुरल्या. मग मुलाने आणि आबांनी जाऊन तो वाफा दोन हात पुढे सरकवून दिला. सगळं काही कुणाचंच झालं नाही. पण ठमीची छाती या थंडीत एकदाच भरली, आणि तीही लवकर मोकळी झाली.

माझं म्हणाल, तर मी आता गच्चीच्या उघड्या बाजूला आडवा आहे. दोन खांबांना बांधलेला. ठमीचे कपडे माझ्यावर वाळतात. माझा शेंड्याकडचा तुकडा मावशींनी नेला, वालाचा वेल चढवायला. इथून मला तो दिसतो. त्याच्यावर फुलं आली की मला उगाच बरं वाटतं.

पलीकडच्या गल्लीत परवा दोन नवे बांबू उभे राहिलेत. त्यांच्यामधल्या दोरीकडे बघून लोक बाह्या सरसावतायत. मला इथून ओरडता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. तुमच्या शेजारी कधी असा बांबू दिसला तर हरकत जरूर द्या, तो तुमचा हक्क आहे. आणि बांबू तुम्ही उभा केला असेल तर तोही तुमचा हक्क आहे. पण नगरपालिकेत जायच्या आधी एकदा शेजारचं दार वाजवा. तुम्हाला खरंच किती हवंय ते सांगा. त्यांना किती हवंय ते विचारा. जास्तीचं ऐकून माणूस घाबरतो, आणि घाबरलेला माणूस मग कबुतरांवरही हरकत घेतो.

आज सकाळीच मावशींची हाक आली. “अगं ए! दुपट्यांचं पाणी टिपकतंय माझ्या मिरच्यांवर!”

सून खोलीतून धावत आली. कडेवर ठमी. “हरकत लिहून द्या, मावशी!”

“देते की! तुझ्या सासऱ्याच्या नावाने देते!”

ठमी कठड्यावरून हात हलवत होती. सुनेने एका हाताने माझी दोरी सैल केली आणि मला चार बोटं आत ओढलं.

मी सरकलो. तरी कपडे वाळलेच.